एकदाही अडकली नाही

रुषीचा फोन मी उचलणार नव्हतो. दोन आठवडे झाले होते, त्याचं नाव दिसलं की मी फोन उलटा ठेवून देत होतो. त्या सकाळी चंद्रपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिंगाडेवालीशी हुज्जत घालत उभा होतो, तेव्हा परत तेच नाव चमकलं. आता बाईसमोर कापावा कसा, म्हणून उचलला आणि खेकसलो, ‘‘काय आहे रे बाबा तुझं?’’ पलीकडून रुषीच्या बायकोचा, सुमन वहिनींचा आवाज आला. ‘‘मास्तर, मी बोलून राह्यले जी. तुमचे दोस्त गेले. सकाळी उठलेच नाई.’’ शिंगाडेवाली ‘‘पाव किलो की अर्धा?’’ विचारत होती. मी अर्धा म्हणालो, घेतले आणि ती पिशवी तशीच हातात धरून मूलच्या बसमध्ये जाऊन बसलो. मूलच्या पलीकडे त्याचं गाव. पोचलो तर रुषीला अंगणात आणून ठेवलं होतं आणि मी शिंगाडे घेऊन उभा. महिना होत आला त्याला. अजून स्वतःची लाज वाटते.

आमची दोस्ती आयटीआयमधली. फिटर ट्रेड. पहिले काही महिने आम्हाला एकच काम होतं, लोखंडाचा एक ठोकळा कानशीनं घासून सगळ्या बाजूंनी सारखा करायचा. आम्ही पोट्टे बोंबलायचो, हात सुजायचे, मास्तरांच्या नावानं शिव्या घालायचो. रुषी मात्र घासत राहायचा. मधूनच डोळे मिटून धारेवरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, ‘‘इथी उंच हाये.’’ मास्तर गेज लावून बघायचे, तर खरंच उंच असायचं! एवढासा फरक, जो तुम्हा-आम्हाला दिसायचाही नाही. पुढं मी त्याच आयटीआयमध्ये शिकवायला लागलो आणि ‘मास्तर’ झालो. रुषी पोलिसात गेला, हत्यारं दुरुस्त करणारा आरमोरर म्हणून. गडचिरोलीच्या वर्कशॉपात त्यानं जन्म काढला. त्याच्या टेबलावरून अंगठा न फिरवता कुठलंही हत्यार बाहेर गेलं नाही. जंगलात जाणारे जवान म्हणायचे, रुषीभाऊच्या हातचं आहे ना, मग चिंता नाई.

एक गोष्ट त्याला फार खुपायची. त्याच्या टेबलावर सगळ्या जगाच्या बंदुका यायच्या. गोऱ्यांच्या वेळची जुनी, कुणा दुसऱ्या देशाच्या नकाशावरून इथं बनवलेली, कुणाची तयार विकत आणलेली. एखादी स्प्रिंग तुटली की सुटा भाग यायला पावसाळा उलटायचा. ‘‘दुसऱ्याच्या हत्यारानं आपलं घर किती दिवस राखाचं, मास्तर? त्यानं उद्या नाई म्हटलं तं?’’ असं तो दर भेटीत विचारायचा. मी त्याची टर उडवायचो. म्हणायचो, तू बनव की मग, तुझा अंगठा आहेच. आणि मग एक दिवस खरंच आपल्या देशात आखलेली, आपल्याच कारखान्यात बनलेली नवी रायफल आमच्या जंगलात चाचणीला आली. रुषी चाचणीच्या पथकात होता. त्या दिवशी त्याचा फोनवरचा आवाज असा होता, जशी घरात पहिली नात जन्मली.

कारखान्याचं नाव मी घेत नाही. तिथून एक तरुण इंजिनिअर सोबत आला होता. त्याचे साहेब म्हणे हिच्या पहिल्या नकाशावर काम करता करता रिटायर झाले, हा दुसऱ्यावर लागला, आणि ही तिसऱ्या नकाशाची. प्रत्येक वेळी काही ना काही बिघडलं, परत गेली, परत आली. त्यानं पहिल्याच दिवशी रुषीला सांगितलं होतं, ‘‘भाऊ, अडकली तर लिहा. लाजू नका. आम्ही इथं नापास व्हायलाच आलोय, म्हणजे पुढं कोणी नापास होणार नाही.’’ मुलचेऱ्याकडच्या जंगलात तंबू लागले. रायफल चिखलात बुडवायची, नाल्याच्या पाण्यातून काढायची, फुफाट्यात लोळवायची आणि मग चालवायची. किती वेळा अडकली ते एका रजिस्टरमध्ये लिहायचं. ते रजिस्टर रुषीकडे.

आता झालं काय, ते मला त्यानं पुष्कळ नंतर सांगितलं. चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले होते आणि रुषी मोहाच्या झाडाखाली मॅगझिनं पुसत होता. मॅगझिनच्या तोंडाशी पत्र्याचे दोन ओठ असतात, त्यांच्यामधून गोळी वर सरकते. रुषीनं सवयीनं अंगठा फिरवला. आतल्या बाजूला बारीकशी धार राहिली होती. एकात नाही, जवळजवळ सगळ्यांत. त्यानं खिशातून छोटी कानस काढली आणि प्रत्येक ओठावर दोन-दोन हात मारले. जेवणं उरकायच्या आत काम झालं. पुढचे सगळे दिवस रायफली चिखलातून निघाल्या, पाण्यातून निघाल्या आणि धडाधड चालल्या. त्या इंजिनिअर पोरानं शेवटच्या दिवशी रुषीला मिठी मारली, रडला. रुषीनं रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘एकदाही अडकली नाही.’ खाली सही केली. कानशीचं लिहिलं नाही.

‘‘काऊन नाई लिहिलं बे?’’ मी विचारलं होतं. त्यानं मला जे उत्तर दिलं ते आमच्याच मुलखातला माणूस देऊ शकतो. ‘‘पोरीले पाहाले पाहुणे येतात तं आपण तिची वेणी नाई घालून देत का? तशी घातली, मास्तर. आपल्या घरची पोरगी. चारचौघांत हसं झालं असतं तं?’’ त्यात कपट नव्हतं. माया होती, आणि तीच नडली. त्या दुपारी त्यानं रायफल पास केली नव्हती, स्वतःचा अंगठा पास केला होता.

पुढं वरून मंजुरी आली, रायफली मोठ्या संख्येनं आल्या आणि आतल्या ठाण्याठाण्यांवर गेल्या. रुषीचा अंगठा काही सोबत गेला नाही. काही महिन्यांनी एकेक हत्यार वर्कशॉपात परत यायला लागलं. गोळी नाक वर करून ओठांत रुतलेली. रुषी घासून द्यायचा. जी आली ती सुधारली, पण जी आली नाहीत ती तिकडंच, जंगलात. ठाण्यांनी तक्रारी वर पाठवल्या, तर वरून उत्तर आलं की याच जंगलात चाचणी झाली, हत्यार एकदाही अडकलं नाही, जवानांच्या हाताळणीत चूक दिसते, त्यांना प्रशिक्षण द्यावं. सोबत रुषीच्या रजिस्टरची प्रत जोडलेली होती. स्वतःची सही त्यानं त्या कागदावर पाहिली. तेव्हापासून माझा दोस्त बदलला. पानात वाढलेलं तसंच ठेवून उठायचा. विचारलं तर म्हणायचा, ‘‘आपलेच दात अन् आपलेच ओठ, कोनाले सांगू?’’

मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. माझा मुलगा प्रफुल्ल पोलिसात भरती झाला आणि जंगलातल्या एका मदत केंद्रावर, म्हणजे आतल्या पोलीस चौकीवर, त्याची नेमणूक झाली. त्यानं नव्या रायफलीसोबत फोटो पाठवला. मी मोठ्या ऐटीत तो फोटो रुषीला दाखवला. वाटलं, म्हणेल, वा रे पठ्ठ्या! रुषीनं पोराच्या तोंडाकडं पाहिलंसुद्धा नाही. दोन बोटांनी फोटो मोठा करत करत फक्त मॅगझिनवर आणला आणि पाहत बसला.  ‘‘काय झालं?’’ म्हटलं. मग त्यानं सगळं सांगितलं... मोहाचं झाड, कानस, रजिस्टर. ‘‘मी लिहून देतो वर. माझी चूक, चाचणी खोटी. कारखान्याले कळलं तं साच्यातच दुरुस्त करतील. आठ-पंधरा दिवसांचं काम हाये ते.’’

आणि मी काय केलं? मी त्याला थांबवलं. लिहून ठेवतो आहे, कारण हा लेख वाचून कोणी मला भला माणूस समजू नये. आधी म्हणालो, ‘‘माझ्या पोराची मॅगझिनं पहिले कर.’’ प्रफुल्ल कामानिमित्त जिल्ह्याला आला, हत्यार सोबतच होतं. रुषीनं त्याची सगळी मॅगझिनं घासून दिली. पोरगा सांभाळला गेला आणि माझी अक्कल जागी झाली. ‘‘रिटायर व्हायला किती दिवस राहिले तुझे? चौकशी लागेल. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची, गड्या.’’ असा मी बोललो, त्याच्याच ओसरीवर, त्याचाच चहा पीत. तो ‘‘बरं’’ म्हणाला. माझं ऐकायचा तो, लहानपणापासून. रिटायर झाला, हारतुरे झाले, मी भाषण ठोकलं.

त्यानंतर नागभीडकडच्या एका पोराच्या पायाला गोळी लागली. घरचे तलावावर मासे धरणारे, हा पोलिसात लागलेला पहिलाच. गस्तीवर समोरून गोळीबार झाला, यानं रायफल उचलली आणि पहिलीच गोळी अडकली. ती काढायला खाली वाकला तेवढ्यात... सोबतच्यांनी ओढून नेला म्हणून वाचला, पण पाय गुडघ्याखालून कापावा लागला. रुषी मला घेऊन दवाखान्यात गेला. पोरगा आम्हाला पाहून उठून बसायला लागला. रुषीनं विचारलं, ‘‘कसं झालं रे बेटा?’’ पोरगा खाली मान घालून म्हणाला, ‘‘माझीच चूक हाये, काका. घाबरलो मी. मॅगझिन नीट लावलं नसंल. साहेबायनंबी तसंच लिहून नेलं.’’ रुषीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर आला. जिन्यात बसून असा रडला की नर्सबाई पाणी घेऊन धावल्या. परतीच्या बसमध्ये तो एकच वाक्य बोलला, ‘‘मास्तर, त्या पोट्ट्याले वाटते का त्याची चूक हाये.’’

दुसऱ्या दिवसापासून त्याचे फोन सुरू झाले. ‘‘लिहून टाकू का?’’ मी म्हणायचो, थांब, बोलू. पुढच्या दिवशी परत, ‘‘बोलाचं होतं ना?’’ मी सांगायचो, रविवारी येतो. रविवारी गेलो नाही. मग उचलायचंच सोडलं. मला भीती कसली होती, ते आज सरळ सांगतो. चौकशीत विचारलं असतं की तुला दोष माहीत होता तर तू कुणाकुणाची मॅगझिनं घासलीस. आणि माझ्या पोराचं नाव निघालं असतं.

तेरवीला प्रफुल्ल सुटी घेऊन आला. पंगत उठल्यावर आम्ही दोघंच तलावाच्या पाळीवर बसलो होतो. म्हटलं, रुषीकाकानं तुझं काम करून दिलं होतं, निदान तेवढं तरी... तो मग म्हणाला, ‘‘बाबा, ती मॅगझिनं माझ्यापाशी नाई आहेत. ती कधीच अडकत नाई म्हणून आम्ही ठरवलं, गस्तीत जो सगळ्यात पुढं चालंल त्याच्यापाशी ती देयाची. पाळी बदलते तशी मॅगझिनं बदलतात. मी पुढं असलो तं माझ्यापाशी, नाई तं मी दुसरीच घेऊन चालतो.’’  बाप्पा! वर्ष होत आलं, मी रोज निवांत झोपत होतो. ‘‘मंग एकानंच चांगलं हत्यार घेऊन कसं चालाचं?’’ असं त्यानं मलाच विचारलं. मी त्याला तेव्हाच सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, ‘‘तुम्हाले माहीत होतं?’’ आणि उठून गेला. संध्याकाळच्या गाडीनं ड्युटीवर परत गेला.

मी वहिनींकडे गेलो. विचारलं, रुषीनं काही लिहून ठेवलंय का? त्यांनी कपाटातल्या साड्यांखालून एक लिफाफा काढून दिला. आत अर्ज होता, दोन पानी, त्याच्या त्या एकसारख्या अक्षरात. मॅगझिनं, धार, मोहाचं झाड, कोणत्या ओठावर किती हात मारले, सगळं लिहिलेलं. त्या पोराची चूक नाही, हे दोन वेळा लिहिलेलं. खाली सही. पाकिटावर पत्ता, तिकिटंसुद्धा चिकटवलेली. ‘‘मंग टाकलं काऊन नाई?’’ मी विचारलं. वहिनी माझ्याकडं न पाहता म्हणाल्या, ‘‘तुम्हाले विचारल्याबिगर टाकत नाई म्हणत होते. तुमचा फोन लागून नव्हता राह्यला.’’

तो अर्ज मी मूलच्या पोस्टातून रजिस्टर करून पाठवला. त्याला माझा एक कागद जोडला, त्यात प्रफुल्लचं नाव माझ्याच हातानं लिहिलं आणि एक प्रत त्या इंजिनिअरलाही धाडली. अजून कुठूनच उत्तर नाही. कालच्या रविवारी वहिनींना हे सांगायला गेलो होतो. तिथं बसून प्रफुल्लला तीन वेळा फोन लावला. लागला नाही. ‘‘टावर नसंल तिकडं,’’ वहिनी म्हणाल्या. दिवस मावळायला आला तसा मी निघालो आणि त्यांनी आतून दार लावून घेतलं. त्या घरातली एकेक कडी, एकेक बिजागरी रुषीनं घासून अशी केली आहे की काही लावलं-उघडलं तरी आवाज होत नाही. मी अंगणात थांबलो होतो, कडी लागल्याचं ऐकून मगच निघावं म्हणून. पुष्कळ वेळ उभा राहिलो, पण आतून काहीच ऐकू आलं नाही.