तोंडाचं माप

बॉयलर साफ करणाऱ्यांच्या भाषेत बॉयलरला तोंड असतं. लोखंडी, लंबगोल आणि वर्षभर मिटलेलं. कारखाना दुरुस्तीसाठी बंद झाला, बॉयलर थंड पडला, की ते तोंड उघडायचं, एका माणसाने त्यातून आत शिरायचं आणि पाण्याने भिंतींवर धरलेला दगडासारखा थर खरवडून काढायचा. जो आत जातो त्याला ‘आतला’ म्हणतात. जो त्याच्या कमरेची दोरी धरून तोंडाशी उभा राहतो तो ‘बाहेरचा’. तिसरा असतो तो बदली. आतल्याला काही झालं तर जायचं, एवढंच त्याचं काम. आतल्याला सहसा काही होत नाही, त्यामुळे बदली उपड्या बादलीवर बसून डबा खातो आणि संध्याकाळी घरी जातो.

काडी हा त्या गावातला सगळ्यात जुना आतला. त्याचं खरं नाव मुकादमालाही आठवून सांगावं लागे. अंगावर मांस म्हणून नव्हतं आणि त्याला त्याचाच तोरा होता. जिथे बाकीच्यांचं डोकं अडायचं तिथून हा खांद्यासकट पार व्हायचा. त्याच्या धंद्यातला नियम त्याने स्वतःच बनवला होता आणि नव्या माणसांना तो ऐकवायचा: एका तोंडात शिरायचं असेल तर दुसऱ्या तोंडाला आवर घाल.

हा नियम सगळ्यात जास्त भोवला तो त्याच्या बायकोला. ती वेताच्या खुर्च्या विणायची. त्यांच्या बाहेरच्या खोलीत कायम बूड नसलेल्या खुर्च्यांची रांग लागलेली असे. बाकीच्या बायका नवरा जेवणाला नावं ठेवतो म्हणून कुरकुरायच्या. हिचा नवरा नावं ठेवत नसे, कारण तो जेवतच नसे. सकाळी अर्धी भाकरी, रात्री वाटीभर काहीतरी, की ताट पुढे सरकवून मोकळा. उरलेलं ती सकाळी खायची.

मागच्या दुरुस्तीत मात्र काडी आत बेशुद्ध पडला होता. आत हवा कोंडली होती. बाहेरच्याने दोरी ओढून त्याला पोत्यासारखा बाहेर काढला. घरी येऊन त्याने ‘जरा चक्कर आली’ एवढंच सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी बाहेरचा चौकशीला आला आणि दारातच सगळं बोलून गेला. बायकोने ऐकून घेतलं, हातातला वेत पुन्हा भिजत टाकला आणि विषय काढला नाही. काडीला वाटलं, बरं झालं, हिने मनावर घेतलं नाही. इतकी वर्षं संसार करून बायको आतल्या गाठीची आहे हे त्याला कळलं नव्हतं.

पुढची दुरुस्ती जवळ आली आणि नेमकी मुलीने सहल ठरवली. ती एका जहाज कंपनीच्या तिकीट कचेरीत होती. तिथल्या लोकांच्या आईवडिलांना आडहंगामात आठवडाभर फिरवून आणत.

“बाबा, नाही म्हणू नका. आईने आयुष्यात कधी दुसऱ्याच्या हातचं गरम खाल्लेलं नाही,” मुलगी म्हणाली.

“तिला ने. मी नको. जहाजावर लोक खायलाच जातात म्हणे.”

“मग तुम्ही समुद्र बघा.”

त्याची अडचण खरी होती. परतल्यावर लगेच कागद कारखान्याचं तोंड उघडणार होतं, आणि ते सगळ्यांत अरुंद. त्यात तो मावला नाही तर बदली आत जाणार, आणि एकदा का बदली आत गेला की यापुढे तोच आतला. या धंद्यात उलटी वाट नसते. काडीला बाकी काही येत नव्हतं, आणि आतला म्हणून मिळणारा मान सोडून जगायचं कसं हेही माहीत नव्हतं.

पण बायको पहिल्यांदाच कुठेतरी जायचं म्हणत होती. तो तयार झाला, फक्त एक वस्तू बरोबर घेऊन. कागद कारखान्याच्या तोंडावर जाड तार वाकवून त्याने पूर्वीच एक कडं करून घेतलं होतं. दोन्ही टोकं एकमेकांवर चढवून बारीक तारेने करकचून बांधलेली. रोज सकाळी हात वर करून तो त्या कड्यातून स्वतःला काढायचा. निघाला की दिवस चांगला. बंदरावर तपासणीवाल्याने बॅगेतून ते उचलून विचारलं, “हे काय?”

“माझं माप,” काडी म्हणाला.

तपासणीवाल्याने एकदा कड्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि बॅग पुढे सरकवली.

जहाजावर पाय ठेवताच खाणं सुरू झालं. चढताना सरबत, खोलीत फळांची टोपली, आणि खोली बघून होते न होते तोच जेवणाचं बोलावणं. लांबलचक टेबलांवर माणसाची शुद्ध हरपावी इतकं मांडलेलं, आणि आ वासून रांगेत उभी असलेली माणसं. काडीने पहिल्या दिवसापासून मोर्चेबांधणी केली. लिफ्टला हात लावायचा नाही, जिने चढायचे. ताट घ्यायचं नाही, चहाची बशी घ्यायची. बसायचं ते टेबलांकडे पाठ करून. भूक लागली की पाणी प्यायचं आणि डेकवर फेऱ्या मारायच्या. पांढऱ्या कोटातला वाढपी काळजीने त्याच्यासाठी पातळ सूप घेऊन आला.

“साहेब, तब्येत बरी नाही का?”

“तब्येत बरी ठेवायचीय,” काडी म्हणाला आणि सूप परत पाठवलं.

समोर त्याची बायको एकटी जेवत होती. शेजारच्या टेबलावरची बाई तिच्याकडे झुकून हळूच म्हणाली, “मिस्टर रागावलेत का तुमच्यावर?”

“नाही हो, ते असेच जेवतात,” बायको म्हणाली. पण तिचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या सकाळी कडं पोटाशी अडलं. काडीने श्वास सोडला, अंग पिळलं, तरी ते खाली येईना. पोट रिकामं ठेवायला प्यायलेलं पाणीच पोटात बसलं होतं, पण हे त्याच्या ध्यानात येईल तर शपथ. तो पलंगाच्या कडेवर बसला आणि म्हणाला, “नुसत्या वासाने चढलं बघ. आजपासून बशीही बंद.”

बायकोने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या गळ्याची हाडं वर आली होती. ती म्हणाली, “तुम्ही फिरून या जरा. मी खोली आवरते.”

तो भरपूर फिरून आला. पुढच्या सकाळी भीत भीत कडं डोक्यावरून घातलं तर ते सरसर खाली आलं, कुठे न अडता. काडीने पुन्हा घातलं. पुन्हा आलं. तो इतका खूश झाला की तसाच कड्यात उभा राहून हसायला लागला.

“समुद्राची हवा! खारी हवा चरबी खाते. मी म्हणत होतोच.”

तो असं काहीही म्हणत नव्हता. पण त्या दिवशी त्याने ताट घेतलं. आधी थोडं, मग बरंच, मग वाढप्याला हाक मारून. बायकोच्या ताटातलाही एक तुकडा उचलला. खाता खाता थांबून म्हणाला, “जेवण इतकं छान असतं होय गं?”

“घरीही असतं,” ती म्हणाली.

त्याला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे, तो केककडे निघाला होता. तिने मात्र जेवण संपवून हनुवटीवर हात ठेवला आणि नवऱ्याला जेवताना पाहत बसली. हे दृश्य तिला नवं होतं. ती मनापासून सुखावली होती आणि तिला भीतीही वाटत होती.

माणूस आपल्या यशाचं कारण कधी स्वतःपुरतं ठेवत नाही. काडी दोनच दिवसांत जहाजावरचा सल्लागार झाला. वजन वाढू नये म्हणून हवालदिल झालेल्या बायाबापड्या त्याला गाठून विचारू लागल्या, आणि हा छातीच्या फासळ्या पुढे काढून सांगू लागला, “डेकवर उभं राहायचं, तोंड उघडं ठेवून हवा घ्यायची आणि मग हवं ते खायचं. माझ्याकडे बघा.” त्याच्याकडे बघून कोणाचाही विश्वास बसला असता. जाड चष्म्याचा एक निवृत्त मास्तर तर रोज सकाळी कठड्याशी आ करून उभा राहायचा.

आठवडा सरता सरता कडं पुन्हा जरा घट्ट झालं. काडीचा चेहरा पडला. बायको म्हणाली, “काल वारा नव्हता ना. तुम्ही फिरून या, मी खोली आवरते.” पुढच्या सकाळी सगळं आलबेल.

परत आल्यावर कागद कारखान्यात बाहेरच्याने त्याला पाहिलं आणि डोळे बारीक केले. बाहेरचा तसा धिप्पाड, दोरीला वजन हवं म्हणूनच त्याला ठेवलेला.

“काडी, गाल वर आलेत रे तुझे.”

“समुद्राची हवा आहे. तू दोरी बांध.”

तोंड उघडलं होतं. काडीने नेहमीसारखे हात आत घातले, मग डोकं, मग एक खांदा, मग दुसरा. मग पोट. तिथे तो थांबला. बाहेर राहिलेले पाय हवेत जरा हलले. श्वास सोडून बघितला, अंग पिळून बघितलं. ना पुढे, ना मागे. आतून त्याचा आवाज आला, “ओढ!”

बाहेरच्याने घोटे धरून ओढलं. पहिल्या हिसक्याला काहीच झालं नाही, दुसऱ्याला काडी बाहेर आला आणि बाहेरच्याचा खांदा लचकला. बदली बादलीवरून उठून उभा राहिला. इतक्या वर्षांत कामाच्या वेळी त्याने पहिल्यांदाच बूड हलवलं होतं.

“तोंड आटलं की काय एका वर्षात?” मुकादम म्हणाला.

काडीने पिशवीतून कडं काढलं आणि तोंडावर टेकवलं. चांगलं दोन बोटं बाहेर राहिलं. सगळे बघत होते. काडी जोडाकडे बघत होता. त्याची स्वतःची बांधणी म्हणजे तारेचे चार ओबडधोबड पीळ. इथे तार एकाशेजारी एक, नीट दाबून, टोक आत खोचून गुंडाळलेली होती, खुर्चीच्या हातावर वेत गुंडाळतात तशी. आठवडाभर रोज त्याने ते डोळ्यांसमोरून खाली नेलं होतं. चांगली बातमी देणाऱ्या वस्तूकडे कोणी निरखून बघत नाही. त्याची कानशिलं गरम झाली. पण ‘बायकोने फसवलं’ हे चारचौघांत सांगायची सोय नव्हती.

“तारच सैल पडली,” तो म्हणाला.

मुकादमाने बदलीकडे मान हलवली. बदलीने शर्ट काढला. तो काडीइतका बारीक नव्हता, पण पोट सपाट होतं; हळूहळू, कण्हत, आत गेला. आता दोरी धरायला कोणी नव्हतं, बाहेरचा आपला लचकलेला खांदा धरून बसला होता. मुकादमाने दोरी काडीच्या हातात दिली.

बाहेरच्याचं काम काय असतं हे काडीला माहीत होतं. थोड्या थोड्या वेळाने तोंडाशी वाकून हाक मारायची, आतल्याने भिंतीवर हातोडी ठोकून उत्तर द्यायचं. आत असताना काडीला ही हाक म्हणजे कटकट वाटायची. हातातलं खरवडणं सोडून कोण ठोकत बसतो? बरेचदा तो उत्तरच द्यायचा नाही. बाहेरचा ओरडून ओरडून घसा बसवायचा आणि तो आत हसायचा.

त्याने हाक मारली. ठोका आला. काही वेळाने पुन्हा मारली, पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला नाही.

“अरे ए!” काडी वाकून ओरडला. आत काळोख होता, खरवडल्याचा आवाज थांबला होता. दोरी हातात तशीच होती, सैल. त्याने पुन्हा हाक मारली, मोठ्याने. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ओढावं तर तो नुसता दम खात असेल आणि तोंडाच्या काठावर डोकं आपटेल. न ओढावं तर. त्याला त्या बदलीचं नीट नावही माहीत नव्हतं. इतकी वर्षं बादलीवर बसलेला तो एक माणूस. तरी काडीने दोरी दोन्ही हातांनी आवळून धरली होती.

मग आतून दोन ठोके आले, आणि पाठोपाठ बदलीचा वैतागलेला आवाज, “आहे ना! काम करू देता का जरा?”

काडी तोंडापासून हलला नाही. संध्याकाळपर्यंत दोरी धरून उभा राहिला. बाहेरच्याने हात पुढे केला तरी सोडली नाही.

घरी आला तेव्हा बायको खुर्ची विणत होती. त्याच्या हातात कडं बघून तिने वेत खाली ठेवला. ती केव्हाची तयारच होती.

“हे तू सैल केलंस.”

“हो. दोनदा.”

“माझी जागा गेली.”

“माहितीय. तुम्ही आत अडकण्यापेक्षा बाहेर अडकलेले बरे.” मग ती म्हणाली, “बोला काय बोलायचं ते. मी ऐकून घेईन.”

वाटेत त्याने पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं. त्याआधी बसायला जागा शोधली तर सगळ्या खुर्च्या बिनबुडाच्या, म्हणून तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला.

“बदली आज मध्येच उत्तर देईना,” तो म्हणाला. “मी हाका मारतोय आणि आतून काहीच नाही.”

“मग?”

“मग काय. थोड्या वेळाने दिलं त्याने.” त्याने आपल्या तळहातांकडे बघितलं, दोरीने ते लाल झाले होते. “मी दर वेळी आत जायचो तेव्हा तू इथे बसलेली असायचीस.”

“कुठे जाणार होते दुसरीकडे?”

“तेच गं,” काडी म्हणाला. “आणि तुझ्या हातात तर दोरीसुद्धा नव्हती.”