रिकाम्या सेलमधून आलेला बाण

भुताखेतांचे अनुभव लिहिणाऱ्यांची मला मनापासून कीव येते. या ग्रुपवर अमावास्या, पांढरी साडी, मागून आलेली हाक... सगळं वाचतो आणि हसतो. तरी लिहितोय, कारण माझ्याबाबतीत जे झालं ते एक्सेलमध्ये झालं. पावणे एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी दिवसभर तेच करतो, त्यामुळे एक्सेल मला कोणी शिकवू नये.

आम्ही नावडे कॉलनीत राहतो. बहिणीला, केतकीला, स्थळं बघणं चालू होतं. पप्पा रिटायर्ड, वेळ जाता जात नाही, म्हणून त्यांनी स्थळांची शीट केली! एका ओळीत एक मुलगा. पत्रिका, नोकरी, घर यांचे मार्क, मग पप्पा, आई, मामा आणि मी, प्रत्येकाचे मार्क. शेवटी टोटल. भाजी घेताना माणूस याहून जास्त डोकं वापरतो. पण फॉर्म्युला मीच टाकून दिला होता.

पनवेलचा मुलगा पहिला आला. रविवारी जेवणं झाली की होकार कळवायचा होता. त्यासाठी करावेहून मामा आला होता. पप्पांनी शेवटचं बघावं म्हणून शीट उघडली, तर त्या मुलाची टोटल शून्य.

"काय रे हे? फॉर्म्युला तुझाच ना?"

मार्क सगळे जागेवर. फॉर्म्युला साध्या बेरजेचा, बरोबर. बाकीच्या मुलांच्या टोटलही बरोबर. मग ट्रेस लावला, म्हणजे उत्तर कुठल्या सेलमधून येतंय ते एक्सेल निळ्या बाणाने दाखवतं. एक बाण मार्कांवरून आला, ठीक. दुसरा आला टोटलच्या पलीकडच्या एका रिकाम्या सेलमधून... फॉर्म्युल्यात त्या सेलचा उल्लेखच नव्हता! नवी फाइल घेऊन सगळं हाताने टाइप केलं. तिथेही शून्य, तिथेही तोच बाण.

"भाच्या, बाहेरचं कायतरी हाय," मामा हळूच म्हणाला. "लॅपटॉपवरून लिंबू उतरव. कोनाला सांगू नको."

अशा माणसाला आम्ही नवरा निवडायला मार्क दिले होते.

केतकी ताटं मांडायला आली आणि माझ्यामागे थांबली. "दादा, हा कॉलम कोणाचा?"

"कोणाचाच नाही. रिकामा आहे."

"मग माझा असेल. तुमचे सगळ्यांचे आहेत... माझा कुठाय?"

मला लाज वाटली, खरंच वाटली. तिने वाकून त्या सेलमध्ये टाइप केलं — "नाही".

टोटल लगेच पूर्वीसारखी झाली, सगळ्यात वर. पुन्हा ट्रेस लावला तर बाण एकच.

"बाहेरचं गेलं! लाव फोन," मामा खूश.

पप्पा टोटलकडे बघतच नव्हते. शेजारचा शब्द वाचत होते. मग त्यांनी फोन लावला. "आमच्या मुलीची इच्छा नाही," एवढंच म्हणाले आणि ठेवला.

आता कमेंटमध्ये शहाणे येतील — हिडन शीट, मॅक्रो, व्हायरस. सगळं तपासलंय, उगाच अक्कल पाजळू नका. लॅपटॉपचा पासवर्ड पप्पांना आणि मलाच माहीत होता. तो बाण पुन्हा कधी दिसला नाही. कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. केतकीला विचारायला हवं, असं आमच्या घरात कोणाला तरी वाटलं होतं. आम्हा चौघांपैकी कोणाला नाही, एवढं मात्र नक्की.