दीपगृहापाशी आखलेली रेघ

मासळी खात्यातल्या मोजणीवाल्या बाईंना धक्क्यावर सगळे ‘फूटपट्टी’ म्हणत. एकवीस वर्षं त्या सकाळी बोटी लागल्या की मासे आडवे ठेवून मोजायच्या आणि माशाच्या कानातल्या इवल्याशा हाडासारख्या खड्यावरची, झाडाच्या खोडात असतात तशी वलयं पाहून वय लिहायच्या.

खात्याच्या नकाशावर दीपगृहापासून समुद्रात एक सरळ रेघ होती. उत्तरेचे मासे वेगळे, दक्षिणेचे वेगळे. उत्तरेकडे मासळी आटली, म्हणून तिथं पकडीवर मर्यादा. दक्षिणेला मात्र मोकळं रान. ही रेघ आखताना माशांना कुणी विचारलं नव्हतं.

बाईंनी उत्तरेत तीन हजार माशांच्या पाठीला क्रमांकाची पिवळी पट्टी टोचून त्यांना सोडून दिलं. त्यातले नऊ पुढच्या दोन वर्षांत रेघेच्या दक्षिणेला, नदीच्या मुखापर्यंत सापडले. नऊही पट्ट्या हौशी गळवाल्यांनी आणून दिल्या. बोटवाल्यांकडून एकही नाही. दोन्हीकडची मासळी एकच, तेव्हा रेघ खाली नदीच्या मुखापाशी न्या, असं बाईंनी अहवालात लिहिलं. त्या मधल्या पाण्यात सगळ्यात मोठी बोट त्यांच्या थोरल्या भावाची होती.

सुनावणीच्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला गळवाले, दुसऱ्या बाजूला बोटवाले. भाऊ तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. बहिणीकडे बघतही नव्हता.

बोटवाल्यांचा अध्यक्ष उठला. “तीन हजारांत नऊ! नऊ मासे वाट चुकले म्हणून आमच्या चुली बंद करणार? आणि आणले कुणी, तर रविवारी हौस म्हणून गळ टाकणाऱ्यांनी!”

गळवाले खवळले. “आमच्यावरही मर्यादा येणारच आहे! आम्ही कशाला खोटं बोलू?”

खुर्च्या सरकल्या. मुख्य अधिकाऱ्यांनी टेबल बडवलं आणि बाईंकडे वळून विचारलं, “नवाच्या वर एक तरी आहे तुमच्याकडे?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“मग हा अहवाल मला बाजूला ठेवावा लागेल.”

भाऊ उठला. अध्यक्षांनी त्याची बाही धरली, ती त्यानं सोडवून घेतली. पुढे येऊन त्यानं खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि टेबलावर उपडी केली. पिवळ्या पट्ट्यांचा ढीग पडला.

“एक्केचाळीस आहेत,” तो म्हणाला. “माझ्या एकट्याच्या जाळ्यातल्या. बाकीच्यांनी आपापल्या पट्ट्या समुद्रात फेकल्या. मलाही फेकायच्या होत्या, हात धजला नाही.”

“दादा, दोन वर्षं माझ्यापासून लपवल्यास?” बाईंच्या तोंडून निघून गेलं.

“तू विचारलं कुठं होतंस मला? नुसती मोजत बसलीस.”

अधिकाऱ्यांनी एकेक क्रमांक यादीशी ताडून पाहिला. सगळे उत्तरेचे.

रेघ नदीच्या मुखापाशी गेली. बोटींना वसंतातले दोन महिने बंदी, गळवाल्यांना माणशी दिवसाला दोनच मासे. भावाला बर्फाच्या कारखान्यात हंगामी काम धरावं लागलं. अध्यक्ष त्याच्याशी बोलेनासा झाला, आणि वहिनी बाईंशी.

बाई मात्र तेव्हापासून मोजणी सुरू करण्याआधी प्रत्येक बोटवाल्याला विचारू लागल्या, “काय काय दिसलं पाण्यात?” पहिला महिनाभर कुणी उत्तर दिलं नाही. मग एकानं दिलं.