आईचे बांगडे आणि मी निवडलेलं ईझल

खरेदी विभागात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला घरासाठी काहीही आणायला सांगू नये, असं माझी बायको म्हणते. तिचं बरोबर आहे. आमच्याकडे मिक्सर यायला दोन महिने लागले होते. पंखा बदलायचा ठरला तो उन्हाळा आम्ही शेजाऱ्यांच्या पंख्याचा आवाज ऐकत काढला. मी वाईट काही आणत नाही, फक्त सगळं तपासून आणतो. तीन ठिकाणचे भाव आणि तुलनेचा तक्ता झाल्याशिवाय मला साधी बादली घेता येत नाही. घरात यावर विनोद होतात आणि त्यातले निम्मे मीच करतो.

आईच्या ईझलचा विनोद मात्र मी कोणाला सांगत नाही.

आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. घाटकोपरला आमच्याकडेच असते. त्या वर्षी होळीच्या सुमारास डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगायला लागले. ती म्हणाली, डोळे माझे आहेत, मला सांगा. मग त्यांनी तिलाच सांगितलं. उजव्या डोळ्याचा पडदा खराब झालाय, मधलं दिसणं गेलंय, ते परत येणार नाही. डावाही त्याच वाटेवर आहे. इंजेक्शनं देऊ, पण किती दिवस टिकेल सांगता येत नाही. कदाचित वर्ष, कदाचित कमी. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, चला, मग काय बघायचं ते बघून घेऊ. मला वाटलं, आता ही काशी नाहीतर रामेश्वर म्हणणार. मी मनात रजेचा हिशोब सुरूही केला.

तिला बघायचे होते बांगडे.

माझी मुलगी शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा तिची जलरंगांची पेटी कपाटात राहिली होती. आईने ती काढली. कागद म्हणून लग्नाच्या पत्रिकांच्या कोऱ्या पाठी. आमच्याकडे पत्रिका टाकत नाहीत, त्यामुळे कागदाची ददात नव्हती. मासे आणले की ती आधी दोन बांगडे ताटात मांडायची आणि रंगवायची, मग ते साफ व्हायचे. रविवारी दुपारी दोन वाजले तरी कालवणाचा पत्ता नसायचा. बायको एकदा म्हणाली, अहो, आज जेवायला चित्र आहे. पण त्या बांगड्यांच्या पाठीवरचं निळं-हिरवं असं काही उतरायचं की आम्ही भुकेले असूनही बघत राहायचो. जन्मात कधी ब्रश धरला नव्हता तिने. आयुष्यभर मासे मात्र धरले होते.

ती डायनिंग टेबलावर पोळपाट ठेवून त्यावर पत्रिका चिकटवायची. वाकून वाकून तिची मान धरली. जून महिन्यात एक दिवस मला म्हणाली, "मागून जरा उंच होईल असं काहीतरी आण ना रे. एवढंसं." हाताने तिने चार बोटं उंची दाखवली.

त्या चार बोटांकडे मी बघितलंच नाही. मी म्हटलं, आई, त्याला ईझल म्हणतात. चित्रकार वापरतात ते. आपण व्यवस्थित घेऊ.

इथून पुढचे अकरा आठवडे माझे. ऑफिस सुटल्यावर मी ईझलांचे व्हिडिओ बघायला लागलो. तीन पायांचं, घडीचं, पेटीचं, टेबलावरचं, स्टुडिओचं. तक्ता केला. लाकूड, वजन, उंची, किती मोठा कॅनव्हास पेलतं, स्क्रू पितळी की लोखंडी. ऑफिसमधल्या एकाची पुतणी कलाशाळेत होती, तिला फोनवर अर्धा तास पिडलं. तिने विचारलं, काका, कुठले रंग वापरतात त्या? मी म्हटलं, सध्या साधेच, पण पुढे वाढेल ना. टेबलावरचं छोटं ईझल माझ्या तक्त्यात पहिल्याच फेरीत बाद झालं. ते मला क्षुल्लक वाटलं. चार लोकांत दाखवण्यासारखं नव्हतं, हे खरं कारण. मधून मधून आई विचारायची, आलं का रे? मी म्हणायचो, चालू आहे. मग श्रावण आला, मासे बंद झाले. ती पडवळ नि तोंडली रंगवत राहिली, मानेला गरम पाण्याची पिशवी लावून.

ईझल आलं ते गणपतीच्या आधी. बीच नावाच्या विदेशी लाकडाचं, माझ्या डोक्याच्या वर जाणारं, खाली चार चाकं. जोडायला मला तीन तास लागले. हॉलमधलं टीपॉय बेडरूममध्ये गेलं तेव्हा कुठे ते खिडकीपाशी बसलं. बायकोने त्याला हळदकुंकू वाहिलं. मी आईला उंच स्टुलावर बसवून फोटो काढला आणि नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकला. मावशीने लिहिलं, नशीबवान आहेस गो. आई त्या लाकडाच्या सांगाड्याकडे खालून वर बघत होती. मग म्हणाली, "बरा आसा."

आई घरात मराठीच बोलते. मालवणी बाहेर येतं ते विषय मिटवायचा असला की. हे मला पन्नास वर्षं माहीत आहे. त्या दिवशी मी ते आपल्या सोयीने विसरलो.

गणपतीनंतर बांगड्यांचे दिवस आले. पहिल्या रविवारी मी खुर्ची घेऊन बघायलाच बसलो. तिने पत्रिका ईझलवर लावली, निळा रंग भरपूर पाण्यात कालवला आणि बांगड्याची पाठ ओढली. पाठ खाली घसरली. निळ्या रंगाचा ओघळ बांगड्याच्या पोटावरून निघून कागदाच्या कडेला लोंबला आणि लादीवर पडला. मी म्हटलं, पाणी कमी घे. तिने कमी घेतलं. मग तो मासा सुकटीसारखा दिसायला लागला. ईझल मागे थोडं कलायचं, आडवं मात्र व्हायचं नाही. मी म्हटलं, हात बसेल हळूहळू.

त्यानंतर मी संध्याकाळी घरी यायचो तेव्हा आई बहुतेक वेळा ईझलसमोर असायची. हातात ब्रश. मी विचारायचो, काय आज? ती म्हणायची, चाललंय. मला फार बरं वाटायचं. बूट काढता काढता मी त्या दृश्याकडे बघायचो आणि मनात स्वतःची पाठ थोपटायचो.

डिसेंबरात एकदा तब्येत बरी नव्हती म्हणून मी दुपारीच घरी आलो. आई पलंगावर रेडिओ ऐकत पडली होती. ईझलवर एक पत्रिका होती. त्यावर फक्त एक पिवळा ठिपका. तोच ठिपका मी आदल्या आठवड्यातही बघितला होता. मी बायकोकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, "अहो, तुमची वेळ झाली की त्या जाऊन बसतात. गणपतीपासून असंच आहे. मला शपथ घातली होती."

मी आईजवळ बसलो. "आई, तू काढत नाहीस?"

"उभ्यावर रंग राहत नाही रे. मासा खाली येतो."

"मग सांगायचं ना मला. मी बदलून आणलं असतं."

"तू किती शोधून आणलंस. रोज विचारायचास, तुझं तोंड एवढं फुललेलं. काय सांगू?"

मी म्हटलं, उद्याच आणतो. तू म्हणाली होतीस तसंच, चार बोटं उंच. उद्याच.

तिने रेडिओ बंद केला. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "आता बांगडा खंय सरता आणि ताट खंय सुरू होता, ता माका दिसना नाय, झिला."

ऑफिसात नवीन मुलांना मी एक नियम शिकवत आलोय. वस्तू ज्याला वापरायची आहे त्याला आधी विचारा, त्याची सही घ्या, मगच बाजारात जा. ती सही नाही म्हणून मी कितीतरी फायली परत पाठवल्यात, थोडा माज करूनच. घरात वापरणारी माझ्यासमोर हात करून बोटं मोजून दाखवत होती.

तरी दुसऱ्या दिवशी मी गेलो. स्टेशनजवळच्या सुताराने प्लायवूडचा तुकडा कापला, मागे दोन पट्ट्या ठोकल्या. पंधरा मिनिटं. घरी आणून टेबलावर ठेवला. आईने त्याच्या उतारावरून हात फिरवला, वरून खाली, पुन्हा खालून वर. म्हणाली, "हेच रे." रंगाची पेटी मी शेजारी ठेवली होती. तिने ती उघडली नाही. मीही ती उघडायला सांगितलं नाही. बरोबर कापलंय, एवढंच म्हणाली आणि चहा मागितला.

तिच्या सगळ्या चित्रांची मी एक पिशवी केली आहे. चांगली चित्रं सगळी जून-जुलैपर्यंतची आहेत, पोळपाटावर, मान मोडून काढलेली. त्यानंतर तिच्याकडे दिसण्याचे पाच-सहा महिने होते. त्यातले अर्धे माझ्या तक्त्यात गेले आणि अर्धे त्या ईझलपुढे मला दाखवायला बसण्यात.

ईझल विकायला काढलंय. गेल्या आठवड्यात मुलुंडहून एका बाईंचा फोन आला. सासऱ्यांना निवृत्तीनंतर चित्रकला शिकायची होती. मी विचारलं, रंग कुठले? म्हणाल्या, पाण्याचेच. बसून काढणार की उभ्याने? म्हणाल्या, गुडघे दुखतात त्यांचे, बसूनच. मी म्हटलं, मग हे घेऊ नका, आणि फळीचं सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, मग जाहिरात कशाला दिलीत?

फोन ठेवल्यावर आईने विचारलं, कोण होतं. मी म्हटलं, एका आजोबांना चित्रं काढायची आहेत.

"त्यांना सांग, आजच बसा," ती म्हणाली. "काय असेल त्यावर बसा."

मला राहवलं नाही. मी त्या बाईंना परत फोन लावला आणि आईचा निरोप दिला, शब्दाला शब्द. त्यांनी नीट ऐकून घेतला. म्हणाल्या, "हो काका, बसणारच आहेत. पण आधी चांगलंसं ईझल तर येऊ दे ना."