एकवीस नंबर गेली का

स्टेशनबाहेरच्या बसथांब्यावर एक बातमी पक्की होती. रांगेत पहिले उभे असतात ते टाइमकीपर काका म्हणजे बस खात्याचा साध्या कपड्यांतला माणूस. रोज संध्याकाळी साडेपाच ते आठ उभे राहतात, एकाही बसमध्ये चढत नाहीत आणि कोणती गाडी किती उशिरा सुटली ते वर कळवतात. एकवीस नंबरचा ड्रायव्हर तर त्यांना पाहिलं की शर्टाचं वरचं बटण लावायचा. "म्हातारा उभाच आहे रे," तो कंडक्टरला म्हणायचा, "मार घंटी, मार." आणि गाडी वेळेवर सुटायची. ही बातमी पसरवण्यात माझा वाटा मोठा होता, हे आधीच कबूल करते. काकांचा आवाज काढून "नोंद घेतली आहे" असं म्हटलं की एकवीसमधली मागची अख्खी सीट हसून लोळायची. हे वाक्य काका जन्मात कधी बोलले नव्हते.

खरी गोष्ट फारच साधी निघाली. ती त्यांनीच मला नंतर सांगितली.

काका साबणाच्या कारखान्यात फाटकावर टाइमकीपर होते. एकतीस वर्षं. कामगारांनी आत शिरताना आपलं कार्ड यंत्रात घालायचं, त्यावर वेळ उमटायची, आणि मिनिटभर जरी उशीर झाला तरी काका लाल पेन्सिलीने त्याला गोल करायचे. असल्या माणसाशी गप्पा कोण मारणार? लोक त्यांच्याशी बोलायचे ते फक्त कारणं सांगायला. सायकल पंक्चर झाली, पोराला ताप होता, सासू येऊन बसली. काका सगळं ऐकून घ्यायचे आणि गोल करायचे. मग ते निवृत्त झाले, दोन वर्षांनी काकू गेल्या, आणि कारणं सांगणारंही कोणी उरलं नाही.

लाँड्रीच्या वर तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. दोन खुर्च्या. एकीवर ते बसायचे, दुसरीवर शर्ट वाळत असायचा. मुलगी लांबच्या शहरात, दर रविवारी फोन करायची.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो. तू?"

"हो. तब्येत बरी ना?"

"मला काय धाड भरलीय."

चार मिनिटांत आटोपायचं. सवयीने ते घड्याळ बघत बोलायचे, म्हणून आकडा पक्का.

एकदा पेन्शनचा कसलासा कागद देऊन परत येताना ऊन लागलं, म्हणून ते थांब्याच्या पत्र्याखाली टेकले. तेवढ्यात ट्रेन आली, पुलावरून माणसांचा लोंढा उतरला आणि एका बाईंनी धापा टाकत विचारलं, "एकवीस नंबर गेली का हो?"

"गेली, पाच बेचाळीसला," काका म्हणाले. "पुढची सहा दोनला." खांबावरचं वेळापत्रक त्यांनी टेकल्या टेकल्या सवयीने वाचून काढलं होतं.

"बरं झालं सांगितलंत," असं म्हणून बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि पुढची वीस मिनिटं त्या आपल्या नणंदेबद्दल बोलत राहिल्या. नणंद चार दिवसांसाठी म्हणून आली होती आणि आता तिने कपाटाचा वरचा कप्पा मागितला होता. काका "अस्सं" म्हणत राहिले. घरी येऊन चहाचं आधण ठेवताना त्यांच्या लक्षात आलं, की आज कोणी आपल्याला कारण सांगितलं नाही, चक्क काहीतरी विचारलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. मग रोजच.

रांगेत उभं राहायचं तर बस आली की चढायला हवं. त्यावर काकांनी तोड काढली होती. "तुम्ही व्हा पुढे, मला मागची हवी." मागची आली की तिची मागची. निघण्याआधी लाँड्रीच्या जिन्यात ते दोनदा खाकरायचे आणि "एकवीस, तेवीस, एकवीस" असं म्हणून बघायचे, कारण सकाळपासून तोंड उघडलेलं नसायचं आणि पहिल्याच शब्दाला घसा बसायचा. लाँड्रीवाल्याला वाटायचं, म्हातारा मटक्याचे आकडे लावतो.

मग थांब्यावर पाटी आली. लाल अक्षरांची, विजेवरची. एकवीस: ४ मिनिटं. तेवीस: ९ मिनिटं. लोक पुलावरून उतरायचे, मान वर करायचे, वाचायचे आणि मोबाइल काढायचे. सोमवारी काकांना कोणी काही विचारलं नाही. नवं आहे म्हणून असेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

मंगळवारी मी आगाऊपणा केला.

"काका, आता तुम्हाला सुट्टी."

"बघू."

"बघू काय? लावा पैज. शनिवारपर्यंत एक माणूससुद्धा तुम्हाला गाडीचं विचारणार नाही."

"एक तरी विचारेल."

"आणि नाही विचारलं तर?"

काकांनी पाटीकडे बघितलं. "तर इथे उभं राहणं बंद. उगाच लोकांची जागा कशाला अडवायची." आणि मग माझ्याकडे वळून, "तू माझी नक्कल करतेस म्हणे. हरलीस तर ती माझ्यासमोर करायची. सगळ्या रांगेसमोर."

मी हो म्हटलं. उभं राहणं बंद, हे ते गमतीत म्हणाले असं मला वाटलं होतं.

बुधवारी एका माणसाने त्यांना विचारलं, "किती वाजले?" मी आल्याबरोबर काका स्वतःच म्हणाले, "एकाने विचारलं, पण ते घड्याळाचं. धरायचं नाही." गुरुवारी एक आजी त्यांच्यासमोर थांबल्या, तोंड उघडलं, वरची पाटी दिसली, तोंड मिटलं. शुक्रवारी काका जिन्यात खाकरलेच नाहीत. रांगेत पूर्वी साहेब, गुडघे, भाडेकरू, सगळ्यांच्या कहाण्या कानावर यायच्या. आता सगळी रांग माना वर करून आकडे उतरताना बघत होती, आणि तिच्या तोंडाशी काका, अडीच तास. त्या संध्याकाळी त्यांनी दुसऱ्या खुर्चीवरच्या शर्टाची घडी करून तो कपाटात ठेवला. मग रिकामी खुर्ची समोर आली, तेव्हा तो परत काढून तिच्यावर टाकला.

शनिवारी ट्रेनला अकरा मिनिटं उशीर. आईच्या हाताचे टाके काढायचे होते, आणि आमचे डॉक्टर सात म्हणजे सातला शटर ओढतात. मी पूल दोन-दोन पायऱ्या टाकत उतरले. पाटीवर एकवीस: ० मिनिटं. समोर एकवीसची जागा रिकामी. शून्य म्हणजे आली, येतेय की गेली?

"काका, एकवीस गेली का?"

शब्द तोंडातून सुटले आणि मग पैज आठवली.

"मुद्दाम विचारलंस?"

"मुद्दाम कशाला? हरेन ना मी."

"दयाबिया आली असेल."

"काका, आईचे टाके काढायचेत. गेली का ते सांगा आधी."

एकतीस वर्षं कारणं ऐकलेला माणूस तो. त्यांनी माझी धाप बघितली, सुटलेली बुटाची नाडी बघितली आणि त्यांना पटलं. "नाही गेली. पलीकडे ड्रायव्हर टायरमध्ये हवा भरतोय. तीन मिनिटं लागतील."

"मग तेवीसचं काय हो?" मागून एकाने मान पुढे काढली. "पाटीवर तीही शून्यच दाखवतेय."

काकांनी त्यालाही सांगितलं, जरा सावकाशच सांगितलं. मग माझ्याकडे वळले. "तीन मिनिटं आहेत तुझ्याकडे."

रांगेत चौदा माणसं होती. मी हात पाठीमागे बांधले, हनुवटी आत घेतली आणि काकांच्या आवाजात म्हटलं, "तुमची गाडी गेली, ताई. आता वीस मिनिटं." चौदाच्या चौदा हसले.

काका हसले नाहीत. त्यांनी नीट ऐकून घेतलं होतं.

"'गेली'वर एवढा जोर मी देत नाही," ते म्हणाले. "समोरच्याची गाडी चुकलेली असते. हळू सांगायचं असतं ते. परत म्हण."