मागणीशिवाय लिहिलेलं एकच नाटक

जयवंतभाई गेल्याची बातमी मला पाववाल्या पोदेराने दिली. सकाळी सायकलचा भोंगा ऐकून मी दारात गेले, तर टोपलीतले पाव काढता काढता तो म्हणाला, "बाई, तुमचे नाटकवाले भाई गेले म्हणून आयकलं." मी पाव घेतले, आत नेऊन झाकून ठेवले आणि मग खुर्चीवर बसले. भाईच्या मुलाचा फोन त्यानंतर आला. आता महिना होऊन गेला. रडू तेव्हाही फारसं आलं नाही. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती माझ्याविषयीही आहे.

जयवंतभाई माझा मावसभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. लाटंबार्स्याच्या बाजूला आमचं गाव. तो खाणीवर टाइमकीपर होता आणि गावच्या जत्रेचं नाटक दरवर्षी तोच लिहायचा. मी साखळीला मराठी शाळेत शिक्षिका. माझं अक्षर बरं, म्हणून त्याच्या नाटकाच्या नकला मी उतरवून द्यायचे. नक्कल म्हणजे एकेका नटाची वाक्यं वेगळ्या कागदावर काढून त्याला पाठ करायला देतात ती. रविवारी तो बसने यायचा, वही टेबलावर टाकायचा आणि म्हणायचा, "घे, तुझा अभ्यास."

त्याच्या लेखनाची रीत ऐकून शहाणी माणसं नाक मुरडतील. दिवाळी झाली की मंडळाची माणसं त्याच्याकडे यायची आणि आधी नावं सांगायची. यंदा अध्यक्षांना राजा हवा, पण मरायचा नको. दुकानदाराच्या थोरल्याला खलनायक द्या, त्याने मिशी वाढवली आहे. पोस्टमनला रडायचा प्रसंग हवाच, कारण त्याला खरंच रडता येतं. नायिका बाहेरून आणायची, ती ऐन जत्रेच्या दिवशी येणार, तेव्हा तिची वाक्यं बेताची असू देत. हे सगळं भाई कागदाच्या चिटोऱ्यावर टिपून घ्यायचा आणि महिन्याभरात तीन अंक हजर करायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "अरे, तुला स्वतःला काय लिहायचंय ते कधी लिहिणार?" तर हसला. "मला? मला कोण विचारतो गो?"

आमचं वेगळं राज्य व्हायच्या आधीचा तो काळ. भिंतीभिंतीवर भाषेच्या घोषणा रंगवलेल्या, बसगाड्या कधी चालू कधी बंद. घरात सगळे कोकणी बोलायचे, वहीत सगळे मराठी लिहायचे, आणि त्यातलं आपलं खरं कुठलं यावरून सख्खे भाऊ एका पंगतीला बसेनासे झाले. मी मराठीच्या बाजूची. सभांना जायचे, घोषणा द्यायचे, आणि मला त्याची आजही लाज नाही. लाज आहे ती दुसऱ्याच गोष्टीची.

त्या वर्षी भाईने कोणी नावं सांगायच्या आधीच नाटक लिहिलं. राजा नाही, खलनायक नाही. एक मुलगा आखातात नोकरीला निघतो, आई त्याला अडवत नाही, एवढंच. आणि बाकीची पात्रं मराठीत बोलत असताना ही आई पहिल्यापासून शेवटपर्यंत कोकणीत बोलते. आमच्याकडच्या नाटकात कोकणी बोलायचा तो नोकर. तो तोंड उघडायचा आणि लोक हसायचे. राजाला कोकणी नाही, नायिकेला नाही, मरणाऱ्याला तर नाहीच.

भाईला सांगायची मंडळात कोणाची हिंमत नव्हती, म्हणून अध्यक्ष माझ्याकडे आले. चहा घेतला, घसा खाकरला. "बाई, नाटक बरं आसा. पूण आवयचीं उतरां आयकून लोक हांसतले. शेवटाक कोण रडचो ना. नकला तुम्हीच काढतात, तेव्हां..." आईचे शब्द बदला, एवढं मात्र ते बोलले नाहीत. मलाही ते ऐकायची गरज वाटली नाही. त्यांच्या मागणीत मला माझी सोय दिसली होती.

कारण ती आई मी ओळखली होती. ती माझीच आई. माझा थोरला भाऊ बोटीवर नोकरीला गेला त्या दुपारी ती जे बोलली ते जयवंतभाईने आमच्या सोप्यावर बसून ऐकलं होतं, आणि इतक्या वर्षांनी शब्दाला शब्द वहीत उतरवलं होतं. तिला अक्षरओळख नव्हती. तिचं ते साधं, घरचं बोलणं गावासमोर, माझ्या शाळेतल्या लोकांसमोर, रंगमंचावर जाणार या कल्पनेनेच मी शरमले. एका संध्याकाळी बसून मी आईची सगळी वाक्यं चांगल्या पुस्तकी मराठीत फिरवली. 'बाळा, तुझी वाट सुखाची होवो' वगैरे. नक्कल पोस्टाने आईचं काम करणाऱ्या सावंतवाडीच्या नटीकडे गेली.

ती बाई जत्रेच्या दिवशी दुपारी आली. रंगीत तालमीत तिने पहिलं वाक्य म्हटलं आणि भाईने मान वर केली. आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पदराशी चाळा करत राहिले. मला वाटलं, आता ओरडेल, तालीम थांबवेल. नटीने विचारलं, "काही चुकलं का माझं?" तो म्हणाला, "नाही बाई, तुम्ही बरोबर पाठ केलंय. चालू द्या." नाटक छान झालं. पोस्टमन रडला, लोक रडले, अध्यक्ष मला भेटून हसले. पुढच्या रविवारी भाई घरी आला, चहा प्याला आणि म्हणाला, "अक्षर सुंदर आहे तुझं, नेहमीसारखं." त्याच्या बोलण्यात राग असता तर मी भांडले तरी असते.

त्यानंतर त्याने वीसेक नाटकं लिहिली. दिवाळीनंतर चिटोरं घेऊन बसायचा आणि विचारायचा, "यंदा कोण कोण आहेत?" पुढे पणजीहून कोणी मोठी माणसं आली, म्हणाली, तुम्हाला हवं ते लिहा, आम्ही करू. तेव्हाही हा विचारतो, "पण कामं कोण करणार त्यांची नावं सांगा आधी." ती माणसं खजील होऊन गेली. मी रागावले तर म्हणाला, "हवं ते एकदा लिहून झालं गो." मला माफी मागायला एवढी जागा पुरेशी होती. मी मात्र त्याला आणखी चहा हवा का विचारलं...

बाकी सगळ्या वह्या तो परत न्यायचा. ती एक त्याने कधी मागितली नाही, मीही दिली नाही. गेल्या आठवड्यात कपाटातून काढली आणि आईची नक्कल नव्याने उतरवायला बसले, जशी त्याने लिहिली तशीच. अक्षर आता पूर्वीचं राहिलं नाही. उतरवून झाल्यावर खात्री करायला मोठ्याने वाचली, नकला अशाच तपासायच्या असतात. "वता जाल्यार वच. पूण जेवन वच. भुकेन लोकांच्या दारांत उबो रावूं नाका. म्हणटले, हाका आवय नासली." जातोस तर जा, पण जेवून जा, उपाशी लोकांच्या दारात उभा राहू नको, म्हणतील याला आई नव्हती, एवढंच ते.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. माझी सून, मोरजीची पोर, असली नाटकं तिने कधी पाहिली नाहीत. ओले हात तसेच घेऊन ती दारात आली, चेहरा उतरलेला.

"आये," ती म्हणाली, "कोण वता?"

लोक हसतील म्हणून मी हे बदललं होतं.