भाऊजींची गाडी आणि मास्तरांचं लायसन्स

स्वतःच्या गाडीत सर्वांत कमी बसलेला मालक ग्वाल्हेरात शोधायचा झाला, तर तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. भाऊजींची पांढरी गाडी खासगी बाजार नावाच्या आमच्या पेठेच्या तोंडाशी उभी असे ती दुसऱ्यांसाठी. स्वतः ते स्कूटरवरून हिंडत. कुणाकडे लग्न, कुणाला स्टेशन, कुणाला दवाखाना. "ले जाओ, घर की गाड़ी है," हे उत्तर तयार. पण किल्ली सहज मिळत नसे. आधी चाकाखाली लिंबू, मग नेणाऱ्याच्या तळहातावर दही-साखर, मग दुसऱ्या गिअरच्या स्वभावावर प्रवचन, आणि शेवटी त्याला स्टिअरिंगवर बसवून फोटो. भाचीला कळा सुरू झालेल्या, तरी तिच्या नवऱ्याला "जरा हसा" म्हणत त्यांनी दोन फोटो काढले होते. लायसन्स मात्र कधी कुणाला विचारलं नाही. मी टोकलं, तर म्हणाले, "मेहुणीबाई, आपल्या माणसाला कागद विचारायचे? शोभतं का? आणि विमा गाडीचा असतो, कोणी का चालवेना." दर वर्षी नवी पॉलिसी आली की ते तिला हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवत. आत काय लिहिलंय, ते देवालाच ठाऊक.

चार वर्षांपूर्वी शेजारचे निवृत्त मास्तर, भाऊजींचे रोजचे चहाचे सोबती, थाटीपुरला मुलीकडे जायला गाडी घेऊन निघाले. लिंबू, दही, फोटो, सगळं झालं. वाटेत सायकलवरचा एक गवंडी गाडीखाली आला. मास्तरांनीच त्याला दवाखान्यात नेलं, पण तिसऱ्या दिवशी तो गेला. मागे बायको आणि दोन मुली. तेव्हा कळलं की मास्तरांचं लायसन्स संपून तीन वर्षं झाली होती. विम्याच्या एजंटानं समजावलं: कंपनी त्या बाईला भरपाई देईल, पण चालवणाऱ्याचं लायसन्स चालू नव्हतं म्हणून सगळी रक्कम भाऊजींकडून वसूल करील. मग आवाज खाली करून म्हणाला, "कह दीजिए, गाड़ी आप चला रहे थे. आपका लाइसेंस तो चालू है." गर्दीत मास्तरांचं नाव कुणी लिहून घेतलं नव्हतं, पोलिसांपुढे भाऊजींचा जबाब दुसऱ्या दिवशी होता.

बहीण रडत होती. मी सरळ सांगितलं, "भाऊजी, घर जाईल. तसंच सांगून टाका." खोटं बोलायला मीच सांगितलं, ते लपवून काय करू?

भाऊजींनी फोनवरचा मास्तरांचा हसरा फोटो माझ्यासमोर धरला.

"पुसून टाका," मी म्हटलं.

"पुसता येईल हो. पण तेव्हा मी फोटो काढत होतो ना? गाडीत कुठे होतो? लायसन्स विचारायचं एवढंच माझं काम होतं."

जबाब खरा दिला. निकाल यायला तीन वर्षं लागली. बाईला पैसे मिळाले. भाऊजींची गाडी गेली, घराच्या मागच्या दोन खोल्या गेल्या. मास्तर मुलीकडे राहायला गेले, चहाला येत नाहीत.

आता उरली स्कूटर. ती कुणी मागितली, तर लिंबू नाही, दही नाही, फक्त "लायसन्स दाखवा." लोकांनी मागणंच सोडलं. मी मात्र महिन्यातून एकदा जाऊन ती मागते, पाटणकर बाजारात काम आहे म्हणते. माझी स्वतःची स्कूटर खालीच उभी असते, ती त्यांनाही दिसते. चष्मा लावून ते माझ्या लायसन्सवरची तारीख मोठ्यानं वाचतात, मग किल्ली देतात. मी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येते. फोटो काढत नाहीत. मागच्या खेपेला मी आपणहून थांबून त्यांच्याकडे बघून हसले, तर म्हणाले, "समोर बघून चालवा."